ढोरडॉक्टरांचं पिस्तूल

दिवाळी अंकासाठी काही लिहून द्या म्हणून संपादक घरी आले, तेव्हा त्यांच्या मनात वाघ होते. बंदुकांच्या दुरुस्तीत ज्याचा जन्म गेला त्याच्याजवळ सातपुड्यातल्या वाघांच्या गोष्टी असणारच, असा त्यांचा अंदाज. गोष्टी आहेत, पण त्या सगळ्या दुसऱ्यांच्या. वाघ मारणारा बंदूक घेऊन दुकानात यायचा आणि मी नळी पुसता पुसता त्याचं ऐकायचो. त्यातले निम्मे वाघ माझ्या दुकानातल्या बाकावरच मेले.

म्हणून वाघ राहू देतो. माझं दुकान धुळ्याला आग्रा रोडवर होतं. मूळचे आम्ही जळगावचे. वडिलांनी तिथे कापसाच्या जिनाच्या यंत्रांची कामं करता करता बंदुकांचं काम शिकून घेतलं आणि मी ते धुळ्याला आणलं. महायुद्धाच्या लढाईत काडतुसं यायची बंद झाली, परवानेही कमी झाले, आणि गेल्या साली मी दुकानाला कुलूप लावून जळगावला लेकीकडे आलो. धुळ्याला मी रामभाऊ होतो, इथे नाना झालो, पण इथेही ओळखीपाळखीचे लोक एक प्रश्न विचारतातच: नाना, पिस्तूल किती दिवसांनी साफ करावं?

या प्रश्नाला मी जे उत्तर देतो ते मला एका माणसामुळे नीट कळलं. त्याचीच हकीकत सांगतो.

आधी थोडं धंद्याचं. मोठ्या बंदुकीच्या काडतुसाला बुडाच्या मधोमध एक टोपी असते. सुई तिच्यावर आपटली की बार होतो. लहान काडतुसाला अशी टोपी नसते. त्याच्या बुडाला जी बारीक कड असते, तिच्या पोटातच पेटणारी दारू भरलेली असते. सुई त्या कडेला चेमटवते आणि बार उडतो. हे कडेचं काडतूस म्हणजे करंगळीच्या पेराएवढा जीव, आवाजही फटाक्याएवढा. त्याची पिस्तुलं आमच्या भागात फार नव्हती. निशाणबाजीचा शौक असलेले दोन-चार वकील, एखादा संस्थानी माणूस, कोणी बागाईतदार.

रावेरकडचे असेच एक केळीचे बागाईतदार होते. पिस्तुलावर त्यांचा फार जीव. ते रोज सकाळी देवपूजा आटोपली की पिस्तुलाची पूजा करत, म्हणजे लोखंडी गज तोंडाकडून घालून नळी घासत आणि वरून विटकरीच्या भुकटीने घासून ते लखलखीत करत. बार मात्र वर्षाकाठी दसऱ्याला एखादाच. पाच-सहा वर्षांनी ते माझ्याकडे आले, तेव्हा नळीचं तोंड कर्ण्यासारखं रुंदावलं होतं आणि कारखान्याचं नावही पुसलं गेलं होतं. गोळी सरळ का जात नाही, असं ते विचारत होते. अति साफ केल्याने पिस्तूल मरतं, हे त्यांना काही पटलं नाही. जाताना माझ्यावर रागावूनच गेले.

डॉक्टर केशवराव बरोबर उलट्या स्वभावाचे. ते धुळ्याच्या जनावरांच्या दवाखान्याचे डॉक्टर. गावात त्यांना ढोरडॉक्टर म्हणत आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. जामनेरकडच्या शेतकरी घरातला माणूस. अंगाने सडपातळ, बोलायला हळू. एका दुपारी ते पिशवीतून एक पिस्तूल घेऊन आले. एकेक काडतूस घालून उडवायचं, साधं सरकारी पिस्तूल. फळीवर ठेवलं आणि स्वतः रस्त्याकडे तोंड करून बसले. किती दिवसांनी साफ करावं लागेल, असं त्यांनी विचारलं.

तेव्हाच्या काडतुसांच्या दारूत एक प्रकारचा क्षार असे. बार उडाल्यावर तो नळीत चिकटून राही, हवेतली ओल ओढून घेई आणि दोन दिवसांत नळी आतून तांबूस होई. त्यावर एकच उपाय: नळीतून कढत पाणी ओतायचं, कोरडं फडकं फिरवायचं, मग तेलाचं बोट लावायचं. मी त्यांना सांगितलं, ज्या दिवशी उडवाल त्याच दिवशी.

त्यांनी फळीवरचं पिस्तूल माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, "मग मी तुमच्याकडेच येत जाईन, रामभाऊ. मला ते घरी साफ करवत नाही."

हे पिस्तूल जनावरांना मारण्यासाठी होतं, हे मला त्या दिवशी कळलं. पिसाळलेलं कुत्रं, पाय मोडलेला घोडा, जखमेत किडे पडून तडफडणारा बैल. मालकाने हो म्हटलं की डॉक्टर सगळ्यांना दूर पाठवत, दावं स्वतःच्या हातात धरत आणि एका बारात संपवत. एकच बार, हा त्यांचा नेम होता. जनावराला दुसरा बार ऐकू येता कामा नये, असं ते म्हणत.

पुढे अशी सवयच झाली. केशवराव दुकानात आले की मी न विचारता चूल पेटवून पाणी ठेवायचो. पाणी तापेपर्यंत ते बाकावर बसायचे. कधी कोणतं जनावर होतं ते सांगायचे, कधी रस्ता बघत राहायचे. फडक्यावर काळं उतरायचं थांबलं की पिस्तूल पिशवीत घालून निघायचे. घरी त्यांच्या पत्नी यमुनावहिनी आणि दोन मुली होत्या; त्यांनी ही पिशवी कधी उघडली नव्हती. नवऱ्याला जनावरं मारावीही लागतात हे वहिनींना ठाऊक होतं, पण त्या दोघांत त्याबद्दल बोलणं होत नसे.

लढाईच्या आधी काही वर्षं नव्या तऱ्हेची काडतुसं आली. त्यांच्या दारूत तो क्षार नव्हता. डब्यावरच लिहिलेलं असे की यांनी नळी गंजत नाही. केशवरावांनी डबा माझ्यापुढे ठेवला तेव्हा त्यांच्या तोंडावर सुटल्याचा भाव होता. मी म्हटलं, गंजणार नाही हे खरं, पण काजळी धरेलच. फिरतीवरून आलात की दाखवत जा. ते हो म्हणाले. आम्हा दोघांनाही तेवढं पुरेसं वाटलं.

त्याच उन्हाळ्यात टांग्यांच्या घोड्यांत तो रोग शिरला.

दवाखान्यात त्याला इंग्रजी नाव होतं, टांगेवाले नुसतं 'नाकाचा रोग' म्हणत. घोड्याच्या नाकातून चिकट पाणी गळायला लागतं, कातडीखाली गाठी येतात, त्या फुटतात. औषध नाही. एका घोड्याचा दुसऱ्याला लागतो, पाण्याच्या एका हौदावरून सबंध अड्डा जातो. आणि माणसालाही लागतो. माणसाला लागला तर त्यालाही औषध नाही. म्हणून कायदाच होता की रोग ठरला की घोडा मारायचा. ठरवायची रीत अशी की घोड्याच्या डोळ्यात औषधाचा थेंब टाकायचा. दुसऱ्या दिवशी डोळा सुजून पू आला की झालं.

केशवराव सकाळी स्टेशनच्या अड्ड्यावर जाऊन थेंब टाकत आणि दुसऱ्या दिवशी पिस्तूल घेऊन जात. टांगेवाले त्यांना पाहून घोडे वळवायला लागले. मग शिरपूर, नंदुरबार, साक्री, सगळीकडून बोलावणी आली. ते फिरतीवर गेले ते परतायचं नावच नाही. मधे एकदा रस्त्यात भेटले, तर डोळे खोल गेलेले. पिस्तूल आणून देतो म्हणाले आणि मोटारीला उशीर होत होता म्हणून तसेच गेले.

आमच्या घरच्यांना स्टेशनवर ने-आण करणारा दगडू नावाचा टांगेवाला होता. चाळिशीचा, एकटा माणूस. बायको मुलाच्या वेळी गेली, मूलही गेलं. घरात तो आणि त्याची घोडी, चंद्री. घोडी ठेंगणी, पांढरट, चालीला इतकी शहाणी की दगडू टांग्यात डुलक्या घ्यायचा आणि ती आपल्या पायाने अड्ड्यावर येऊन उभी राहायची. तिच्या डोळ्यात थेंब पडला आणि डोळा सुजला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर गेले तर घोडीही नाही, दगडूही नाही. रातोरात त्याने तिला सोनगीरला बहिणीच्या शेतात नेऊन लपवलं होतं.

महिन्याभराने दगडू एकटाच माझ्या दुकानात आला. दाढी वाढलेली, धोतर मळलेलं. केशवराव माझ्याकडे येतात हे त्याला माहीत होतं.

"भाऊ, चंद्रीले काही नही शे," तो म्हणाला. "बठ्ठा दाना खास ती. तुम्ही डॉक्टरले सांगा. तुमनं ऐकतीन."

सगळा दाणा खाते म्हणतोस, मी विचारलं, पण नाक कसं आहे. तो म्हणाला, नाक वाहतं, पण ते उन्हाचं असेल. बहिणीच्या शेजारच्या दोन घोड्यांचंही आता वाहायला लागलं होतं. हे त्याने आपण होऊन सांगितलं. तो घोडी वाचवायला आला नव्हता. ती वाचणार नाही हे कोणीतरी आपल्याला सांगावं, म्हणून आला होता.

केशवराव त्याच दिवशी फिरतीवरून परतले होते. मी दगडूला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टर त्याच्यावर चिडतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी त्याला समोर बसवून पाणी दिलं. घोडीजवळ कोण निजतं, तिचं पाणी कोण भरतं, घरात लेकरं आहेत का, एवढंच विचारलं. बहिणीला लहान मुलं होती. केशवराव उठले आणि पिशवी घेतली. दगडू मला म्हणाला, तुम्हीपण चला. म्हणून आम्ही तिघं दुपारच्या सर्व्हिस मोटारीने, म्हणजे बसने, सोनगीरला गेलो. वाटेत पिस्तूल कधी साफ झालंय, असं विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. माझं सगळं लक्ष दगडूकडे होतं.

शेताच्या कडेला चिंचेखाली गड्यांनी खड्डा खणून ठेवला. चंद्री दाव्याला उभी होती. तिच्या छातीवर गाठी फुटल्या होत्या, श्वासाला घरघर होती, तरी दगडूला पाहून तिने कान पुढे केले. केशवरावांनी सगळ्यांना बांधापलीकडे जायला सांगितलं. दगडू हलेना. दावं मी धरतो, म्हणाला. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच आपली रीत मोडली. दावं त्याच्याकडे राहू दिलं. मी दोन हातांवर होतो.

त्यांनी काडतूस घातलं, तिच्या कपाळावर हात ठेवून जागा पाहिली आणि चाप ओढला.

नुसता टक् असा आवाज झाला. बार उडाला नाही.

अशा वेळी पिस्तूल लगेच उघडायचं नसतं. कधी कधी दारू आत धुमसत असते आणि काही क्षणांनी उडते. म्हणून नळी जमिनीकडे करून थांबायचं, हा नियम. केशवरावांनी तेच केलं. पिस्तूल खाली धरून ते घोडीसमोर तसेच उभे राहिले. ती त्या टक् आवाजाने बिचकली होती. तिने मान झटकली आणि जोरात फुरफुरली. नाकातलं सगळं त्यांच्या तोंडावर, डोळ्यांत उडालं.

ते मागे सरले नाहीत. बाहीने डोळे पुसले आणि पिस्तूल माझ्याकडे दिलं. मी ते उघडलं. काडतूस घरात, म्हणजे नळीच्या मागच्या ज्या पोकळीत ते बसतं तिथे, पुरतं बसलंच नव्हतं. कड नखभर बाहेर होती. घराच्या पुढच्या बाजूला मेण, शिसं आणि काजळी यांचं काळं कडं जमलं होतं. सुईचा टोला काडतूस आत ढकलण्यात गेला होता, कड चेमटलीच नव्हती. नळी मात्र आरशासारखी होती. डब्यावर लिहिलेलं खोटं नव्हतं. त्या फिरतीत रोज बार उडाले होते आणि गोळीच्या अंगाचं मेण रोज थोडं थोडं तिथे साचत गेलं होतं.

मी चिंचेची काडी तासून ते कडं खरवडलं, दुसरं काडतूस अंगठ्याने दाबून बसवलं आणि पिस्तूल परत दिलं. दगडू घोडीच्या मानेवर गाल टेकून उभा होता. डॉक्टरांनी त्याला हाताने बाजूला केलं. या वेळी बार उडाला.

खड्डा बुजेपर्यंत केशवराव विहिरीवर औषधाच्या पाण्याने तोंड धूत होते, पुन्हा पुन्हा, डोळे उघडे ठेवून. दगडू त्यांच्याजवळ गेला.

"तिले तरास नही व्हयना ना, साहेब?"

"नाही," केशवराव म्हणाले. "काहीच नाही झाला."

धुळ्याला परतल्यावर त्यांनी मला एवढंच सांगितलं की वहिनींना काही बोलू नका, बहुधा काही होणार नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी आपलं ताट वेगळं केलं आणि मुलींना जवळ घेणं सोडलं, हे मला नंतर वहिनींकडून कळलं.

पंधरा-वीस दिवस बरे गेले. मग ताप आला. डाव्या डोळ्याखाली गाठ आली, सांधे धरले. सिव्हिल सर्जन येऊन पाहून गेले. त्यांनी हिवताप असेलही असं म्हटलं. केशवरावांनी मान हलवली. त्यांनी स्वतःची खाट जनावरांच्या दवाखान्याच्या मागच्या रिकाम्या खोलीत टाकायला लावली आणि दार आतून लावून घेतलं. वहिनी दाराशी बसून रडत, आत येऊ द्या म्हणत. ते आतून मुलींची नावं घेत आणि घरी जा म्हणत. वहिनींनी मला मधे घातलं. मी खिडकीशी उभा राहून त्यांना म्हटलं, एकदा तरी बघू द्या त्यांना. त्यांनी वहिनींना खिडकीत उभं राहायला परवानगी दिली, तीही गजांपासून लांब. ती दोघं तशी बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिली. मी अंगणात जाऊन थांबलो.

माझ्याशी ते पिस्तुलाबद्दल एकदाच बोलले. म्हणाले, "माझ्या जागी येईल त्याला सांगा, नळीवर जाऊ नको, घर बघ." आणि थोड्या वेळाने, "दगडूला यातलं कळू देऊ नका. तो स्वतःला लावून घेईल."

मी कबूल केलं. पण असं काही लपतं का? अड्ड्यावर बोलणं झालं आणि दगडूला कळलं. दुसऱ्या सकाळी मी गेलो तर तो खोलीच्या दाराशी उभा होता. खोलीत जायला कोणी तयार नव्हतं. दवाखान्याचे शिपाई जेवण दारात ठेवून पळत. डॉक्टरांना आता उठून दाराची कडीही लावता येत नव्हती, पाण्याचं भांडंही हाती धरवत नव्हतं. दगडू दार ढकलून आत शिरला. केशवरावांनी होती नव्हती ती ताकद एकवटून त्याला बाहेर जा म्हटलं. तो खाटेजवळ उकिडवा बसला.

"साहेब, चंद्रीसंगे मी बठ्ठा महिना निजेल शे," तो म्हणाला. "आते माले काय व्हई?"

केशवरावांनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि मग रडले. त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं.

शेवटपर्यंत दगडूच त्यांच्याजवळ होता. घोड्याचं करावं तसं त्याने त्यांचं केलं, म्हणजे न बोलता आणि न किळसता. गाठी धुतल्या, कूस बदलली, चमच्याने पाणी पाजलं. एकदा मी खिडकीतून पाहिलं तर तो त्यांच्या कपाळावर तळहात ठेवून, तोंडाने टांगेवाले घोड्याला शांत करताना करतात तसा हलका आवाज करत बसला होता आणि डॉक्टरांचा डोळा लागला होता. पावसाळा धरायच्या सुमारास केशवराव गेले. खोलीतलं सगळं जाळलं. वहिनी मुलींना घेऊन जामनेरला गेल्या. निघताना त्या दगडूला भेटायला थांबल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही, पण तो मोटार दिसेनाशी होईपर्यंत हात जोडून उभा होता.

दगडूला काही झालं नाही. का झालं नाही, हे कोणालाच सांगता आलं नाही. आपण वाचलो, हेच त्याला सहन होत नव्हतं. त्याने टांगा विकला आणि दुसरं जनावर घेतलं नाही. दवाखान्यात नवे डॉक्टर आले, त्यांनी त्याला शिपाई म्हणून ठेवलं. घोडी लपवलेला माणूस कामावर ठेवू नका, असं कोणी तरी त्यांना सुचवून पाहिलं होतं. त्यांनी ऐकलं नाही.

तर पिस्तूल किती दिवसांनी साफ करावं? दिवस मोजू नका. उडवलंत तर त्याच दिवशी, आणि आधी काडतुसाचं घर, नळी मागाहून. घासायचं ते मागच्या बाजूने आणि बेताने. उडवलं नसेल तर पावसाळ्यात अधूनमधून उघडून तेल बघा, बाकी वेळी हात लावू नका. नव्या डॉक्टरांना मी हेच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पिस्तुलाची जबाबदारी दगडूवर टाकली.

दुकान बंद होईपर्यंत दगडू येत राहिला. पिस्तूल डॉक्टरच उडवत, त्याला फक्त आणायची परवानगी होती. मी घर साफ केलं की तो ते उजेडाकडे धरून स्वतः पाहायचा, रिकामं काडतूस घालून ते आपल्या वजनाने आत उतरतं का ते बघायचा. एकदा भर पावसात तो भिजत आला. मी म्हटलं, दगडू, एकच बार उडालाय, उद्या आणलं असतंस तरी चाललं असतं.

तो पिशवी पुसत होता. वर न बघता म्हणाला, "भाऊ, जनावरले तं एकच बार पायजे."

मी त्याला बाकावर जागा करून दिली आणि ब्रश हातात घेतला.